तुम्ही विचारलंत म्हणून: सेल बाहेरचे, मग कार्बनचा हिशेब कुणाचा?

“बॅटरीचे सेल चीनमधून येतात, चाकणला आम्ही नुसता पॅक जोडतो. मग पॅकमागे किती कार्बन उत्सर्जन झालं, हा युरोपला द्यायचा हिशेब आमच्या गळ्यात का?” पॅक निर्यात करू पाहणारे हे हमखास विचारतात. पॅक तुमच्या नावाने विकला जात असेल, तर युरोपीय संघाच्या 2023/1542 या बॅटरी नियमाच्या लेखी उत्पादक तुम्हीच.

बहुतेक जण आधी स्वतःचं वीजबिल काढून बसतात. वेल्डिंग, चाचणी याला लागणारी वीज त्या मानाने किरकोळ. खरा बोजा सेलमध्येच असतो: कॅथोडची (धन टोकाची) पावडर, ॲनोडचं (ऋण टोकाचं) ग्राफाइट, हे दोन्ही इलेक्ट्रोड सुकवणाऱ्या भट्ट्या, हवा सतत कोरडी ठेवणारी ड्राय रूम.

म्हणून सेलवाल्याचं एका ओळीचं पत्र पुरत नाही. ॲनोड, कॅथोड, इलेक्ट्रोलाइट (मधलं द्रावण), सेपरेटर (दोन्ही इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा पडदा) आणि सेलचं आवरण यांची माहिती त्याच मॉडेलची, त्याच प्लांटची लागते. उद्योगाची सरासरी चालत नाही. एकच मॉडेल दोन प्लांटांत बनत असेल तर हिशेबही दोन. हे खरेदीच्या करारातच लिहून घ्या, नंतर मागितलं की गोपनीयता आडवी येते. पत्रक हातात आलं की आधी पावडरचं वजन बघा. तयार सेलमध्ये जेवढी भरते तेवढीच दाखवली असेल, तर वाया गेलेला माल धरलेलाच नाही, असं समजा.

दुसरी हमखास चूक एककाची. आकडा पॅकच्या क्षमतेवर नव्हे, तर आयुष्यभरात पॅक जी ऊर्जा देईल तिच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे द्यायचा. समजा, 50 किलोवॅट-तासांच्या पॅकमागे 4,000 किलो उत्सर्जन झालं. क्षमतेने भागलं तर 80 किलो. पण पॅक चार्ज-डिस्चार्जची 1,000 चक्रं, दर चक्राला 45 किलोवॅट-तास देणार असेल, तर भागायचं 45,000 ने: साधारण 89 ग्रॅम. म्हणजे चक्रांचा आकडा फुगवला की कार्बन आपोआप घटतो, आणि तपासणारा पहिलं बोट तिथेच ठेवतो. गाडी चार्ज करायची वीज मात्र यात येत नाही. कच्चा माल, उत्पादन, वाहतूक आणि शेवटचं रीसायकलिंग एवढंच.

ई-वाहनांच्या बॅटरींसाठी हा हिशेब सक्तीचा होण्याची कायद्यातली तारीख 18 फेब्रुवारी 2025, किंवा मोजणीच्या पद्धतीचा उपनियम लागू झाल्यापासून 12 महिने. यातलं जे उशिरा ते.

एकदा केलेला हिशेब कायमचा नाही. मालाची यादी किंवा प्लांटच्या विजेचं मिश्रण बदललं की त्या मॉडेलचा आकडा नव्याने काढावा लागतो. स्वस्तातलं ग्राफाइट मिळालं म्हणून खरेदी खात्याने परस्पर पुरवठादार बदलायला होकार दिला, तर जुना आकडा तिथेच बाद.