बांधावरची माती

"मॅडम, औषध बोगस निघालं बघा." मातीची पिशवी माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर आपटत अण्णा म्हणाले. शिरोळकडचे ऊसकरी. लावणीनंतर तिसऱ्या दिवशी ॲट्राझीन हे तणनाशक मारलेलं, तरी सरीत माठ आणि घोळ माजलेला. दुकानदाराशी कडाक्याचं भांडण करूनच ते आले होते.

लव्हाळा असता तर मी तिथंच हात झटकले असते, त्याला ॲट्राझीन फारसं काही करत नाही. पण माठ, घोळ मरायलाच हवे होते. दरवर्षी हेच मारता का, विचारलं. "धा-बारा वर्सं झाली की. ऊस न्हायतर मका." मक्यालाही तेच! मातीतले जिवाणूच औषध खायला शिकले असतील, असा संशय आला. मग बांधावरची, जिथं कधी फवारा गेला नाही तिथली, माती आणायला सांगितली.

ॲट्राझीन पाण्यात जेमतेम विरघळतं, लिटरला 33 मिलिग्रॅमच्या आसपास. आगारात, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, त्याहून बरंच जास्त घातलं की प्लेट पातळ ताकासारखी दिसते. नत्रासाठी जिवाणूंना फक्त तेच ठेवलं, वर दोन्ही मातींचं पाणी पसरलं.

पाचव्या दिवशी बांधाची प्लेट तशीच पांढुरकी. शेताच्या प्लेटवर मोहरीएवढ्या वसाहती, आणि प्रत्येकीभोवती चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं. त्यातून खाली मार्करनं लिहिलेला आकडा वाचता येत होता. अमेरिकेत मिनेसोटात, तणनाशक सांडलेल्या जागी सापडलेल्या स्यूडोमोनास या जिवाणूबद्दल एमएस्सीला वाचलं होतं. तो आधी रेणूतला क्लोरीन काढतो, तिथंच औषधाचा दात पडतो. मग उरलेल्यातले नत्राचे 5 अणू खायला मोकळा.

तरी खळ्यांवर विसंबले नाही. अण्णांच्या बाटलीतलं उरलेलं औषध दोन कुंड्यांत मारलं. बांधाच्या मातीत माठ पिवळा पडून मेला. शेताच्या मातीतला टवटवीत.

अण्णा कुंड्यांकडे बघत बराच वेळ गप्प. दुकानदार आठवला असणार. मी नत्राचं समजावलं, तर म्हणाले, "नत्रच पायजे तर मी पोत्यानं युरिया टाकतोय की. त्यो सोडून ह्ये इख कशाला खात्यात?"

प्रश्न बिनतोड होता. काही जिवाणू नत्र हाताशी असलं की ॲट्राझीनकडे बघत नाहीत, काहींना फरक पडत नाही. अण्णांचे कुठले? त्याच संध्याकाळी आगारात युरिया घालून नव्या प्लेटा ओतल्या.