वीस-बी, एकवीस-बी आणि साडेनऊ बाय बाराची खोली

"तू फार्मसी कुठे केलीयस? तुला कोण लायसन देणार?" औषधांच्या घाऊक विक्रीची स्वतःची एजन्सी काढतेय म्हटल्यावर निम्म्या लोकांचा हाच प्रश्न. उरलेल्यांचा सल्ला असा, की ओळखीचा फार्मासिस्ट गाठ आणि त्याचं सर्टिफिकेट भाड्याने लाव. दोन्ही ऐकून सोडून दिलं. किरकोळ मेडिकल स्टोअरला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच, त्यात तडजोड नाही. घाऊक विक्रीला मात्र १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६४ तीन वाटा देतो. नोंदणीकृत फार्मासिस्ट असावा, नाहीतर दहावी पास आणि औषधविक्रीचा चार वर्षांचा अनुभव, नाहीतर मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि औषधांच्या कामाचा एक वर्षाचा अनुभव. मी बी.कॉम. नाशिकच्या गोळे कॉलनीत एका स्टॉकिस्टकडे, म्हणजे कंपन्यांचा माल साठवून केमिस्टना पुरवणाऱ्याकडे, बिलिंगला लागले आणि पुढे ऑर्डर, एक्सपायरी, ब्रेकेज, कंपन्यांचे क्लेम असं सगळंच गळ्यात पडत गेलं. तेव्हा माझ्या एजन्सीची 'सक्षम व्यक्ती', म्हणजे विक्रीवर देखरेख ठेवणारी जबाबदार व्यक्ती, मीच होणार होते, भाड्याचं कुणी नको.

लायसनं दोन काढायची असतात. फॉर्म २०-बी सर्वसाधारण औषधांसाठी आणि २१-बी अनुसूची सी व सी-१ मधल्या औषधांसाठी. काहीजणांना वाटतं, आपण लसी ठेवणार नाही तर एकवीस-बी कशाला? पण अनुसूची सीमध्ये लसी आणि इन्सुलिनबरोबर अँटिबायोटिकची इंजेक्शनं येतात, डोळ्यांचे ड्रॉप्सही येतात. ते सोडून होलसेल करायचं म्हटलं तर तालुक्यातला एकही केमिस्ट दुसऱ्यांदा फोन करणार नाही. अनुसूची एक्सचं, म्हणजे सवय लागणाऱ्या, नशेसाठी गैरवापर होऊ शकणाऱ्या औषधांचं २०-जी वेगळं असतं, त्याचा अर्जही वेगळा. त्या औषधांचे हिशेब आणि कुलूपकिल्ली मला झेपणारी नव्हती, म्हणून त्या वाटेला गेले नाही.

फी एका लायसनला १५०० रुपये, दोन्हींचे मिळून ३०००. एजंटाने सांगितलेला आकडा याच्या कितीतरी पट होता. त्यात 'सगळं बघून घेतो' हे वाक्य धरलेलं होतं. मी त्याला विचारलं, बघून घेतो म्हणजे नेमकं काय करता? त्याने जी यादी सांगितली ती मी कागदावर उतरवून घेतली, चहाचे पैसे दिले आणि ती सगळी कामं स्वतः केली. एजंट वाईटच असतात असं नाही. पण या अर्जात त्यांनी करण्यासारखं फारच थोडं असतं, कारण अडतं ते नेहमी जागेच्या नाहीतर माणसाच्या कागदाला, आणि ते दोन्ही कागद आपल्यालाच आणावे लागतात.

आधी जागेचं सांगते. होलसेलला किमान १० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. ऐकायला काहीच नाही. पण तालुक्याच्या बाजारपेठेतले गाळे जुने, आत मोरी, वर जिना, मधे खांब. पहिला गाळा मला पसंत होता, भाडंही परवडणारं होतं. टेप लावली आणि मोरी वजा केली तर शंभर फुटांच्या आत आला. मालक म्हणाले, "मोरीवर फळी टाकू, कोण बघतंय?" बघणारा येणार आहे, मोजायलाच येणार आहे, हे त्यांना पटेना. तो नाद सोडला.

दुसरी खोली आप्पांची. आतून साडेनऊ बाय बारा फूट, कोरडी, पश्चिमेचं ऊन न येणारी. गोळ्या-सिरपच्या धंद्यात ही शेवटची गोष्ट भाड्यापेक्षा महत्त्वाची, मे महिन्यात कळते. अडचण एवढीच, की नगरपरिषदेचा मालमत्ता उतारा अजून आप्पांच्या वडिलांच्या नावावर, आणि ते जाऊन बरीच वर्षं झालेली. आप्पा जागा सांभाळतात, भाडं घेतात, घरपट्टी भरतात. कागदावर मात्र हयात कुणीच नाही. भाडेकरार करून देणाऱ्याचा त्या जागेवर हक्क काय, हा प्रश्न अर्जावर येणारच होता. मग आप्पांच्या दोघी बहिणींची संमती आली. धाकटी आत्या लगेच सही करून मोकळी झाली. थोरल्या आत्यांनी आधी मला जेवायला बसवलं, माझ्या आजोळची चौकशी केली, आप्पांनी गेल्या दिवाळीला काय केलं आणि काय केलं नाही ते सविस्तर सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "तुझ्यासाठी करते हो, त्याच्यासाठी नाही." संमतीपत्र, मृत्यूचा दाखला, वारसनोंदीचा अर्ज केल्याची पोच असं सगळं जोडून नोंदणीकृत भाडेकरार केला. त्यावर चतुःसीमा आणि मापं टाकलेला नकाशा. नकाशातली मापं आणि करारातलं क्षेत्रफळ जुळलं पाहिजे, एवढं मी स्वतः दहादा पाहिलं.

आता माणसाचा कागद, म्हणजे अनुभवाचा दाखला. हा कोऱ्या लेटरहेडवर 'हुशार व होतकरू' लिहून चालत नाही. ज्यांच्याकडे काम केलं त्यांचा लायसन नंबर, कामाचा काळ, कामाचं स्वरूप आणि सही, सोबत त्यांच्या लायसनची प्रत, असं लागतं. आमचे शेठ माणूस चांगला, दर दिवाळीला बोनस दिलेला. पण दाखल्याचं नाव काढल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "देतो की. पण आपल्या लाइनच्या कंपन्या घेणार नाही असं लिहून दे." मी म्हटलं, शेठ, तसं कसं लिहून देऊ? मग पुढचा बाण, "संघटनेची एनओसी आणलीस का? त्याशिवाय कोण माल देतो बघू."

हे एनओसीचं प्रकरण धंद्यात जुनं आहे. नव्या स्टॉकिस्टला कंपनीने एजन्सी द्यायची तर आधी केमिस्ट संघटनेचं ना-हरकत पत्र हवं, असा रिवाज वर्षानुवर्षं चालला. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये अखिल भारतीय संघटनेविरुद्धच्या प्रकरणात तो स्पर्धाविरोधी ठरवून दंडही केला. लायसन देणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) अर्जात तर असलं पत्र कुठे मागितलेलंच नाही. मी संघटनेची सभासद आहे, त्यांचा उपयोगही होतो, पण लायसन आणि संघटनेचं पत्र या दोन गोष्टींची गाठ कुणी मारून दाखवली तर ती तिथेच सोडवावी. शेठशी मी वाद घातला नाही. त्यांच्या फर्ममध्ये भागीदार दोन. धाकट्या भावांना सगळे काका म्हणतात. ते दुपारी एकटे दुकानात असताना गेले. काकांनी हजेरीपट काढला, माझ्या पगाराच्या नोंदी पाहिल्या आणि दाखल्यावर सही-शिक्का केला. "दादा दोन दिवस बोलणार नाही माझ्याशी, चालतंय," म्हणाले. एखाद्या फर्ममधून बाहेर पडताना हा दाखला त्याच दिवशी मागून घ्यावा, हे मी आता माझ्याकडच्या मुलांना स्वतःहून सांगते.

याच काळात एका कंपनीचा प्रतिनिधी मागे लागला होता. "मॅडम, महिनाअखेर आहे, माल टाकतो, लायसन येतंच आहे ना." लायसन येतंय आणि लायसन आहे यांत तुरुंगाएवढं अंतर आहे. विनापरवाना औषधविक्रीला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ मध्ये किमान तीन, कमाल पाच वर्षांची कैद आणि किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या तिप्पट, यांपैकी जास्त असेल तो दंड आहे. त्याचं महिन्याचं टार्गेट माझ्या डोक्यावर कशाला घेऊ?

ऑनलाइन अर्ज आणि चलन झालं, एक त्रुटी निघाली, ती भरून दिली आणि मग तपासणी. औषध निरीक्षक मॅडम आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पिशवीतून टेप काढून एक टोक माझ्या हातात दिलं. भिंतीपासून भिंत. नकाशाशी ताडून पाहिलं. रॅक जमिनीपासून उचललेले आहेत का, भिंतीला ओल आहे का, तेही पाहिलं. मग फ्रिज. बिल माझ्या एजन्सीच्या नावाचं होतं. आतल्या थर्मामीटरचा आकडा त्यांनी दार उघडायच्या आधी बाहेरच्या डिस्प्लेवर वाचला, मग दार उघडून पुन्हा वाचला. २ ते ८ अंश सगळ्यांना पाठ असतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"इन्सुलिन कुठे ठेवाल?"

"मधल्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नाही, आणि मागच्या पत्र्याला चिकटूनही नाही. गोठलं की गेलं."

"आणि लाइट गेली तर?"

इन्व्हर्टर दाखवला. त्याचं बिल मागितलं, दिलं. नंतर त्यांनी बिलबुकात काय-काय असायला हवं ते विचारलं. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, लायसन नंबर, औषधाचं नाव, नग, बॅच नंबर, उत्पादक, तारीख, आणि खाली सक्षम व्यक्तीची सही. प्रत तीन वर्षं जपायची. हे मी रोज करत आलेली होते, त्यामुळे उत्तर पाठांतराचं वाटलं नसावं. जाताना म्हणाल्या, "लायसन आलं की दिसेल असं लावा. आणि तपासणीची वही, फॉर्म ३५, पहिल्या दिवसापासून ठेवा, शोधत बसू नका."

लायसन हातात आल्यावर त्याच्यावरचं एक-एक वाक्य नीट वाचलं. माझं नाव, पण त्याहून ठळक तो पत्ता. हे लायसन माझं म्हणण्यापेक्षा त्या साडेनऊ बाय बाराच्या खोलीचं, आणि तिथे बसून सही करणाऱ्या माणसाचं. उद्या मी शेजारच्या गल्लीत गेले तर ते माझ्याबरोबर येत नाही, नवा अर्ज करावा लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेचसे नियम आपोआप सुटतात.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू आल्या, तापाच्या गोळ्यांची एक पट्टी दे म्हणून. रॅकवर खोकेच्या खोके, आणि मी नाही म्हणतेय. त्यांना राग आला, येणारच. पण होलसेलच्या लायसनवर घरगुती गिऱ्हाइकाला पट्टी देता येत नाही. माल जायचा तो लायसन असलेल्यालाच. यातून सूट कुणाला, तर सरकारी खरेदीला, रुग्णालयांना, शिक्षण-संशोधन संस्थांना, आणि आपल्याच पेशंटला देण्यासाठी घेणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांना. त्या यादीत शीतपेयं, गोळ्या-चॉकलेटं आणि बिस्किटं बनवणारे कारखानदारही आहेत, त्यांना प्रक्रियेसाठी एखादं औषधी द्रव्य लागतं म्हणून. अजून एकही बिस्किटवाला माझ्याकडे आलेला नाही, मी वाट बघतेय.

बॅच नंबरचा कंटाळा करणारे मी खूप पाहिलेत. 'माल तोच, बॅच कुठलीही टाक.' २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्यात मुलं दगावली आणि ऑक्टोबरात कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या एसआर-१३ बॅचचं नाव पुढे आलं, तेव्हा महाराष्ट्रातही एफडीएने त्या बॅचची विक्री आणि वापर थांबवायला सांगितलं. आमच्या ग्रुपवर तो मेसेज पडला रविवारी. मी सॉफ्टवेअरमध्ये बॅच टाकून पाहिली, खरेदीत नव्हती, विक्रीत नव्हती. माझ्या सगळ्या केमिस्टना तसं कळवून टाकलं. ज्याच्या बिलात बॅच 'कुठलीही' असते त्याने त्या रविवारी काय शोधलं असेल कोण जाणे.

एक्सपायरीचा माल वेगळा, विक्रीच्या मालापासून लांब, आणि खोक्याच्या वर 'विक्रीसाठी नाही' असं ठळक लिहिलेलं. कंपनी परत घेईपर्यंत तो तिथेच. काही कंपन्या वर्षभर घेत नाहीत, तेव्हा ती जागा वाढतच जाते. १० चौरस मीटर हा किमान आकडा का म्हणतात ते तेव्हा समजतं.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाची कटकट गेली. आता लायसन चालू राहतं, फक्त दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे लायसन चालू ठेवण्याची फी, वेळेवर भरायची. चुकली तर महिन्याला दोन टक्के विलंबशुल्क, तेही सहाच महिने, त्यानंतर लायसन रद्द झाल्याचं धरतात. २ टक्के म्हणजे किरकोळ रक्कम, म्हणूनच लोक विसरतात. सिरिंज, बीपी मशीन अशा वस्तूंच्या विक्रीसाठी मेडिकल डिव्हाइसचं एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र वेगळं निघतं. ते मी काढलं, कारण इन्सुलिन घेणारा केमिस्ट सिरिंजही माझ्याकडेच मागणार.

यंदा मार्च एंडला कंपन्यांनी स्कीमवर माल लोटला आणि खोली दारापर्यंत भरली. आप्पा म्हणाले, "शेजारची खोली रिकामीच आहे, टाक की खोके." त्या खोलीला लायसन नाही, मग माझा माल तिथे एक रात्रसुद्धा ठेवता येत नाही. त्यामुळे अर्धी ऑर्डर परत केली, प्रतिनिधी रुसला, आणि शेजारच्या खोलीचा अर्ज भरायला घेतला. उतारा आता आप्पांच्या आणि दोन्ही आत्यांच्या नावावर झालाय, म्हणजे करारावर तिघांच्या सह्या. थोरल्या आत्यांकडे येत्या रविवारी जेवायला जायचंय.