परतीच्या बोलीवर

एक वर्षाच्या मुलाला वाढदिवसाला काय द्यावं, हा प्रश्न त्या मुलाला सोडून घरातल्या सगळ्यांना पडतो. त्याला स्वतःला फारसं काही नको असतं. हवीच असेल तर आईच्या पर्समधली चाव्यांची जुडी, आजोबांचा चष्मा, नाहीतर देव्हाऱ्यातली घंटा. आणि यातलं काहीही आपल्याला रंगीत कागदात गुंडाळून नेता येत नाही.

माझ्या भाचीची लेक जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्षाची झाली. तिचं पाळण्यातलं नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण घरात सगळे तिला बायच म्हणतात. वाढदिवस अर्थातच दोन. तारखेचा पर्वरीच्या फ्लॅटमध्ये, केक आणि फुग्यांसकट. तिथीचा डिचोलीच्या मोठ्या घरी, पाटावर बसवून, औक्षण करून. एरवी तिथी तारखेच्या अकराएक दिवस आधीच येऊन जाते. यंदा २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आला आणि निज ज्येष्ठातली बायची तिथी तारखेच्या तब्बल एकोणीस दिवस पुढे गेली. केकच्या दिवशी मी नुसता पापा घेऊन, हातावर खाजं ठेवून आले. (खाजं अर्थात बायच्या आईच्या हातावर. बायला अजून चारच दात आहेत.) भेटीचं काय ते तिथीला बघू म्हटलं. पंचांगाने मुदतवाढ दिली, ती कोण सोडतं?

माणसाची सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. म्हणजे हा सोहळा जिचा, तिलाच तो आठवणार नाही. मग भेट नेमकी कुणाला? स्पष्टच बोलायचं तर तिच्या आईबापांना, आणि त्यांच्याहूनही जास्त दोन्हीकडच्या आज्यांना. पाहुणे गेल्यावर पिशव्या उघडतात त्या आज्या. कुणी काय दिलं, आपण त्यांच्याकडे काय दिलं होतं, हे त्यांच्या डोक्यात असतं. काही घरांत तर वहीतही असतं. मला यात वावगं वाटत नाही. वर्षभर जागून काढलेल्या आईला चार माणसं हातात काही घेऊन भेटायला आली, एवढंही खूप असतं. फक्त दुकानात उभं राहिल्यावर आपण बायसाठी घेतोय की आजीसाठी, हे ज्याचं त्याने मनाशी ठरवून ठेवावं. नाहीतर दोघींनाही न आवडणारी वस्तू घरी येते.

सोनं आजीसाठी. याबद्दल दुमत नसावं. आमच्याकडे बाळाचं सोनं घरच्या शेटाकडून, म्हणजे सोनाराकडून, करून घ्यायची रीत आहे. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखापलीकडे गेला, आणि ‘दोन ग्रॅमची तरी अंगठी नको का?’ म्हणणारी माणसं ‘नखाएवढी असली तरी चालेल’ इथपर्यंत खाली आली. हॉलमार्कची सक्ती २०२१ पासून लागू झाली, पण दोन ग्रॅमच्या आतला दागिना तिच्यातून सुटतो. म्हणजे बाळांच्या अंगठ्या नेमक्या त्या सवलतीत बसतात आणि तिथे अजूनही शेटाच्या शब्दावरच भागतं. अंगठी बायच्या बोटात फोटोपुरती चढणार, कारण हाताला लागेल ते तोंडात घालायचं हे तिचं वय. मग ती डबीत, डबी कपाटात. तरीही सोन्याला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. जुन्या बायकांनी नातवंडांच्या अंगावर घातलेल्या बिंदल्यांनी आणि मनगट्यांनी पुढे कितीतरी घरांत कॉलेजची फी भरली आहे.

मुलगी म्हटल्यावर कुणीतरी सुकन्या समृद्धीचंही नाव काढतंच. खातं पालकांनी उघडायचं, वर्षाला कमीत कमी अडीचशे रुपये, पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत पूर्ण. विचार शहाणपणाचा आहे. तो बायच्या बाबांनी केव्हाच अमलात आणलाय, त्यामुळे मी सुटले.

कपडे बघायला म्हापशाला गेले. शुक्रवार होता. बाजाराचा दिवस टाळायचा असं दर वेळी ठरवते आणि दर वेळी शुक्रवारीच तिथे उगवते. पहिल्या वाढदिवसाचे फ्रॉक कोणत्या हवामानासाठी शिवतात कोण जाणे. जाळीचे तीन थर, आत टोचणारं अस्तर, कमरेला मोठा बो. गोव्याच्या जूनमध्ये, पाऊस थांबल्यावर जी उकड होते तिच्यात, तो फ्रॉक घालून मोठं माणूसही रडेल. दुकानदार म्हणाला, ‘बाई, तासाभराचा तर प्रश्न.’ हाच तर माझा मुद्दा होता.

मऊ खेळण्यांचं मात्र मला फार वाईट वाटतं. ती दिसतात गोड. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, लोणच्याच्या बरणीकडे रोज लक्ष ठेवावं लागतं. तिथे कापसाने भरलेल्या अस्वलाचा काय पाड? नागपंचमीपर्यंत त्याला कुबट वास येतो आणि चतुर्थीच्या साफसफाईत ते मुकाट्याने बाहेर जातं. जूनमध्ये जन्मलेल्या मुलांना अस्वल देऊ नये. डिसेंबरवाल्यांना खुशाल द्यावं.

मग प्लास्टिक. एक जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकायच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण असणं बंधनकारक आहे. दुकानांत ती बहुधा दिसते, जत्रेतल्या पालावर दिसेलच असं नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी एक साधी परीक्षा असते. सुमारे बत्तीस मिलिमीटर व्यासाच्या, लहान मुलाच्या घशाच्या बेताने ठरवलेल्या नळकांड्यात खेळण्याचा एखादा सुटा भाग पूर्ण मावला, की ते खेळणं नापास. मला हे कळल्यापासून मी दुकानात प्रत्येक चाक आणि प्रत्येक डोळा ओढून बघते. विक्रेत्या मुलींना वाटतं बाई मोडायलाच आल्या आहेत. आणि गाणी म्हणणारी, दिवे लागणारी खेळणी मी हातातही घेत नाही. त्यांच्या पोटात पुष्कळदा बटणाएवढा सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. शिवाय ते गाणं. पर्वरीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते गाणं दिवसभर ऐकणाऱ्या माणसांशी मला नातं टिकवायचं आहे.

आमच्या ह्यांचं म्हणणं, माड द्यावा. रोप लावायचं, पोर वाढेल तसा माड वाढेल. बाणवली जातीचा उंच माड सहा-सात वर्षांत धरू लागतो, म्हणजे बाय दुसरीत जाईस्तोवर पहिला नारळ. कल्पना सुंदर आहे, आणि माडाबद्दल ह्यांचा जिव्हाळाही जुना. २०१६ मध्ये गोव्याच्या कायद्यातून माडाचं झाडपण काढून घेतलं होतं आणि पुढच्या वर्षी ते परत दिलं. त्या मधल्या काळात हे रोज पेपर वाचून आमच्या परड्यातल्या माडांना धीर देत फिरायचे. पण तिसऱ्या मजल्यावर माड कुठे लावणार, याचं उत्तर ह्यांच्यापाशी नव्हतं.

राहिलं लाकूड. कुंकळ्ळीच्या चितारींचं, म्हणजे लाकूड रंगवणाऱ्या कारागिरांचं, पाळण्यांवरचं लाखेच्या रंगांचं काम मला फार आवडतं, पण पाळण्याचं वय सरलेलं. सावंतवाडीला जाऊन यावं असंही मनात आलं. चितार आळीतली लाकडी फळं लहानपणापासून डोळ्यांत आहेत. आणि सावंतवाडीचा विचार करता करता आमच्याच माळ्यावरचा पांगुळगाडा आठवला.

तो आमच्या गावातल्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, फणसाच्या लाकडाचा केलेला. मागे दोन, पुढे एक अशी तीन चाकं आणि धरायला आडवी दांडी. खिळे कमी, खुंट्या जास्त. चाकं तांबड्या कोब्यावर अशी खडखडत की पोर कुठल्या खोलीत आहे ते स्वयंपाकघरातून कळे. माझ्या मुलांनी तो ढकलला, भाचरांनी ढकलला, मधे काही वर्षं तो पेडण्याला होता, तिथून एका काजूच्या टेम्पोतून परत आला. विकत घेतलेल्या वस्तूला असला प्रवास क्वचितच घडतो. त्याचं काम असतं तीन-चार महिन्यांचं. मूल उभं राहायला लागलं की तो लागतो आणि हात सोडून चालायला लागलं की कुणी त्याच्याकडे बघतही नाही. एवढ्याशा कामासाठी प्रत्येक घराने नवा घ्यावा आणि मग त्यावर धुणं वाळत घालावं, हे मला पटत नाही.

बाय अजून चालत नाही, याची तिच्या आजीला बारीक काळजी लागली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही मूल चालायला लागलं तरी ते ठीकच, असं म्हटलंय. मी हे सांगितलं तर आजी म्हणाली, ‘त्यांच्या मुलांचं असेल तसं.’ तिने वॉकर आणायचं ठरवलंच होतं, तो गोल, मधे बसवायचा. त्याला मात्र मी हट्टाने आडवी आले. त्यात मूल उभं राहायला शिकत नाही, लटकून पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं आणि क्षणात जिन्याच्या तोंडाशी पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाड्यात आधी स्वतः उभं राहावं लागतं. त्याच्यापाठीही माणूस लागतोच; पण मूल दमलं की दांडी सोडून मटकन खाली बसतं आणि गाडा तिथेच थांबतो.

माळ्यावरून काढला तेव्हा दांडीवर दातांचे व्रण दिसले, सगळे एकाच जागी, मधोमध. दात येताना प्रत्येकाने तीच जागा धरलेली. ते बघून मला आधी हसू आलं आणि मग रंगाची धास्ती वाटली. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा, जास्त नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आहे. आमच्या गाड्याचा हिरवा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. मेस्ताला बोलावून, पोराबाळांपासून लांब, परड्याच्या टोकाला, लाकूड ओलं करकरून तो सगळा रंग खरवडून काढला आणि खरवड गोळा करून नीट टाकून दिली. नवा रंग दिला नाही. नुसतं खोबरेल चोळलं. चाकांपैकी एक फाटलं होतं, तेवढं नवं बसवलं. आत फणसाचं पिवळं लाकूड इतकं झळझळीत निघालं की मेस्त स्वतःवरच खूश झाला, आणि मजुरी वाढवून मागितली.

आमच्या जाऊबाईंना हे रुचलं नाही. ‘पहिल्या वाढदिवसाला माळ्यावरची अडगळ नेणार? देणाऱ्याची नाही, निदान घेणाऱ्याची तरी शोभा बघा.’ त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. जुनी वस्तू भेट म्हणून दिली की घेणाऱ्याला ती ठेवूनही घेववत नाही आणि टाकूनही देववत नाही. म्हणून मी ती भेट म्हणून दिलीच नाही. भाचीला फोन करून सांगितलं, ‘गाडा वापरायला देतेय. बाय धावायला लागली की परत हवा. पुढचं गिऱ्हाईक तयार आहे.’

‘मावशी, म्हणजे वाढदिवसाला उसनं?’

‘उसनंच.’

ती इतकी हसली की मला कळलं, हिच्या घरातली जागा मी वाचवली. ह्यांना मात्र रिकाम्या हाताने औक्षणाला जाणं जमेना. त्यांनी गुपचूप शेटाकडून नखाएवढी अंगठी आणलीच. ती आजीने लगेच डबीत ठेवली आणि वहीत लिहिली. गाडा कुठे लिहायचा ते तिला कळेना, तेव्हा ‘परत करणे’ असा नवा रकाना पाडला.

बायने गाड्याचं काय केलं? आधी बाजूला बसून पुढचं चाक हाताने फिरवत राहिली. मग दांडीला धरून उभी राहिली आणि मधोमध चावली. ढकलायला तिला आणखी आठवडा लागला, असं भाची सांगते.

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे दोडामार्गचा आमचा पुतण्या. त्याच्याकडे चतुर्थीच्या आसपास बाळ यायचंय, म्हणजे त्यांना गाडा लागणार तो पुढच्या उन्हाळ्यानंतर. पण सुनेची आतापासूनच विचारणा सुरू आहे: त्यांच्या नव्या घरात गुळगुळीत टाइल्स आहेत, त्यांवर लाकडी चाकं सरकणार तर नाहीत? मेस्ताला विचारलं. तो म्हणतो, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चाकांवर चढवली की झालं, फक्त बायकडून गाडा सुटला की पाठवून द्या.