रॅक्सलची हवेली आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा पैसा

ब्रिस्टल शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, सॉमरसेटच्या हिरव्या कुरणांमध्ये रॅक्सल नावाचे लहानसे गाव आहे आणि त्याच्या जवळच्या उतारावर टिंट्सफील्ड ही व्हिक्टोरियन काळातील हवेली उभी आहे. राजाबाई टॉवर आणि व्हीटी स्थानक पाहत वाढलेल्या माणसाला ती पहिल्याच नजरेत ओळखीची वाटते. टोकदार कमानी, उंच उतरती छपरे, मुद्दाम असमान ठेवलेले दर्शनी भाग आणि दगडात कोरलेली पाने-फुले, हे सारे मुंबईला ज्या गॉथिक पुनरुज्जीवनाने, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय बांधणीच्या नव्या आवृत्तीने, घडवले त्याच लाटेतले आहे. फरक इतकाच, की मुंबईत ही शैली न्यायालय, विद्यापीठ आणि रेल्वे यांच्या वाट्याला आली, तर येथे ती एका व्यापाऱ्याच्या राहत्या घरावर चढली.

हा व्यापारी म्हणजे विल्यम गिब्ज. त्याने १८४३ मध्ये ही मालमत्ता विकत घेतली, तेव्हा येथे तुलनेने साधे घर होते. त्याच सुमारास त्याच्या कुटुंबाच्या लंडनमधील पेढीला पेरू सरकारकडून ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांची साचलेली विष्ठा, विकण्याचा करार मिळाला होता. पेरूच्या ‘चिंचा’ नावाच्या बेटांवर पाऊस जवळजवळ पडत नसल्याने त्या थरांतले नत्र वाहून जात नसे आणि युरोपातील शेतकरी या खतासाठी चांगली किंमत मोजत. ते खणून काढण्याचे काम मात्र मुख्यतः करारबद्ध चिनी मजूर करीत. त्यांचे हाल पाहता ते काम गुलामीहून फारसे वेगळे नव्हते, असे मला वाटते. घराच्या भिंतींवर इतकी फुले-पाने कोरलेली आहेत; पण ज्या बेटांवरून त्यांचा खर्च निघाला, तेथे हिरवे पानही दिसत नसे.

या पैशातून वास्तुविशारद जॉन नॉर्टन याने १८६३ ते १८६५ या काळात जुन्या घराचा गाभा आत ठेवून त्याभोवती बाथच्या मधाळ रंगाच्या दगडाची नवी वास्तू रचली. पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीपसिंग यांचे इंग्लंडच्या सफोकमधील एल्व्हेडन येथील घरही याच नॉर्टनने नव्याने बांधले. टिंट्सफील्डच्या मधल्या भागावर त्याने उभारलेला मनोरा लाकूड कुजल्यामुळे १९३५ मध्ये उतरवावा लागला, त्यामुळे आजची आकृती मूळ कल्पनेपेक्षा थोडी बुटकी आहे. अंतर्भाग मला व्यक्तिशः जड वाटतो.

प्रार्थनामंदिर मात्र पाहण्यासारखेच आहे. गिब्ज अत्यंत धार्मिक होता. ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजचे प्रार्थनामंदिरही त्याच्याच देणगीतून झाले. घराला जोडलेले हे मंदिर आर्थर ब्लॉमफील्ड याने १८७० च्या दशकात पॅरिसच्या सेंट-शापेल या मध्ययुगीन प्रार्थनामंदिराच्या धर्तीवर बांधले; पण ते पूर्ण होण्यापूर्वीच, १८७५ मध्ये, गिब्ज वारला. येथेच पुरले जावे अशी त्याची इच्छा होती, मात्र चर्चच्या अधिकाऱ्यांनी तशी परवानगी दिली नाही. त्यामुळे इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत सरदारेतर माणसांपैकी एक मानला गेलेला हा गृहस्थ रॅक्सल गावाच्या सामान्य चर्चच्या आवारात विसावला आहे.

पुढे कुटुंबातील शेवटचा रहिवासी, दुसरा लॉर्ड रॅक्सल, २००१ मध्ये अविवाहित वारला आणि वारसांमध्ये वाटणी करण्यासाठी मालमत्ता विकणे भाग पडले. लोकवर्गणी आणि सरकारी निधी यांच्या मदतीने ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ती २००२ मध्ये विकत घेतली. कुटुंबाने फारसे काही फेकून दिलेले नसल्यामुळे घरातल्या वस्तूंची यादी करण्याचेच काम अनेक वर्षे चालले.