फळ्याच्या तळाशी एक प्रश्न

स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर बहुतेकांना मैदान, गॅदरिंग नाहीतर पाठीत बसलेला धपाटा आठवेल. मला आमच्या मिशनच्या शाळेतला परिपाठ आठवतो. प्रतिज्ञा झाली की मराठीच्या सिस्टर व्हरांड्यातल्या फळ्याकडे वळायच्या. वर तारीख, मधे त्या दिवसाच्या संताचं नाव आणि देश, अगदी तळाशी पिवळ्या खडूनं एक प्रश्न. गोष्ट दोन मिनिटांत संपे. प्रश्नाचं उत्तर कोणी मागत नसे. ते ज्याचं त्यानं दिवसभर शोधायचं.

११ नोव्हेंबर, संत मार्टिन. रोमन सैन्यातला तरुण. आमियाँ शहराच्या वेशीवर थंडीनं काकडणारा भिकारी दिसला, तशी यानं तलवारीनं आपला झगा चिरून अर्धा त्याला दिला. तळाशी प्रश्न : 'तुझ्याकडे दोन असलेलं काय आहे?' मागून वसतिगृहातला एक पोरगा पुटपुटला, "चपला. पन एक देल्ली तं दोघंही लंगडतीन." सिस्टरही हसल्या.

शेतकऱ्यांचा संत इसिदोर याचा सण १५ मेला, म्हणजे ऐन सुट्टीत. सिस्टर तो मुद्दाम जूनअखेर सांगायच्या; पेरणीमुळं आमचं अर्धं लक्ष तेव्हा वावरात. इसिदोर माद्रिदजवळ एका जमीनदाराकडे सालदार. रोज चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, ऐकून मग नांगराला हात लावायचा. सोबतच्यांनी चुगली केली. मालक पाहायला आला, तर हा प्रार्थनेत आणि वावरात देवदूत नांगर हाकताहेत, अशी आख्यायिका. १६२२ साली इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, आविलाची तेरेसा यांच्यासोबत एकाच दिवशी त्याला संतपद मिळालं. एवढ्या मोठ्यांच्या पंगतीत एक सालदार, याचं मला अजून कौतुक वाटतं.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "आपल्या वावरात कवा येतीन मंग थे देवदूत?" मिशनच्या शाळेतल्या गोष्टींची त्यांना जरा धाकधूकच होती. आजी ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "जनीसंग इठ्ठल दळे, थे चालते. याच्या वावरात कोनी आलं तं तुले काऊन खटकते?" विषय मिटला.

सगळेच संत पटले असं नाही. सीरियातला सिमेऑन तीस वर्षांहून अधिक काळ खांबावर राहिला, हे ऐकून आम्ही एवढंच विचारलं, "अन् पाऊस आला तं?"

जवळचा वाटला तो ४ ऑगस्टचा जॉन व्हियान्ने. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत शिक्षण राहून गेलेलं. पुढं लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना, म्हणून सेमिनरीतून, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेतून, घरी पाठवलं. तरी १८१५ साली तो धर्मगुरू झाला. आर्स नावाच्या आडगावी नेमणूक. तिथं पापांची कबुली द्यायला दुरून लोकांची अशी रीघ लागली, की तो दिवसाचे बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त, ऐकत बसे. इंग्रजीत काठावर पास होणाऱ्या आम्हाला त्याचं लॅटिन फार आपलं वाटलं. त्या दिवशी तळाशी होतं : 'तुला काय जमत नाही, आणि ते कोणापासून लपवतोस?' हा प्रश्न नववीत आवडला नव्हता, आजही आवडत नाही. फार आत शिरतो.

आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दिनविशेषाखाली प्रश्न लिहायची खोड तेवढी सोबत आली. २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, लिहिलं : 'आज कोणाचं अंगण झाडशील?' तिसरीतली एक पोरगी उभी राहिली. "सर, आपल्याच शाळेचं झाडतो नं. पन खराटा ऑफिसात कुलपात हाय, अन् चाबी तुमच्यापाशी."