एशियाटिकच्या पायऱ्यांवरून परत फिरू नका, आत जा

नुकतंच आत्याला घेऊन एशियाटिक, म्हणजे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, बघून आलो. फोर्टात हॉर्निमन सर्कलसमोरचा पांढरा, मोठ्या खांबांचा टाउन हॉल, सिनेमात आणि जाहिरातींत हमखास दिसणारा, तोच. बहुतेक लोक पायऱ्यांवर बसतात, फोटो काढतात आणि निघून जातात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं कारण खरी गंमत आत आहे.

आधी जायचं कसं ते सांगतो. चर्चगेटला उतरलात तर वीर नरिमन रोड धरा, हुतात्मा चौक ओलांडा आणि नाकासमोर चालत राहा, कुठे वळायची गरजच नाही. सीएसएमटीहूनही चालत जाता येतं आणि आता मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशन झालंय ते सगळ्यात सोयीचं. पण मी म्हणेन चर्चगेटकडूनच या, कारण वाटेत डाव्या हाताला सेंट थॉमस कॅथीड्रल लागतं (1718 चं, मुंबईतलं पहिलं अँग्लिकन चर्च), मग सर्कलच्या गोलाकार इमारती सुरू होतात आणि बागेच्या झाडांमागून हळूहळू खांब दिसायला लागतात. ही बाग आणि सर्कल नंतरचं बरं का, टाउन हॉल बांधला तेव्हा समोर नुसतं मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन, आणि तिथं कापसाच्या गासड्या पडलेल्या असायच्या.

इमारतीचं काम सुरू झालं 1821 ला आणि पुरं झालं 1833 ला. नकाशा कर्नल थॉमस काउपरचा, तो बॉम्बे इंजिनिअर्समधला लष्करी माणूस, आणि इमारत उभी राहायच्या आतच तो वारला. पैशांसाठी लॉटरी काढली होती, ती पुरली नाही, शेवटी कंपनी सरकारला हात घालावा लागला. समोर आठ डोरिक खांब आहेत, ग्रीक देवळांसारखे, अंगावर उभ्या पन्हळी असलेले. जवळ जाऊन एका पन्हळीत हात ठेवून बघा, पंजा आत बसतो, तेव्हा कुठे खांबाचा आकार कळतो. खांब इंग्लंडहून जहाजाने आले, आणि असं सांगतात की ते इतके अगडबंब निघाले की ठरवले होते तेवढे इथे लावताच येईनात, मग उरलेले भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला दिले. मला मात्र खांबांपेक्षा खिडक्या जास्त आवडल्या. सगळा थाट ग्रीक पण खिडक्यांवर लाकडी छज्जे आणि झिलमिली (आडव्या पट्ट्यांची झडपं), म्हणजे इथलं ऊन आणि पाऊस बघून इथल्यासाठी केलेलं काम. फोटोत हे कोणी घेत नाही.

पायऱ्या तीस आहेत आणि उंच आहेत. आत्याचे गुडघे दुखतात, तर आम्ही मधे दोनदा टेकलो, काही घाई नसते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सकाळी लवकर जा, दुपारी दगड तापतो. याच पायऱ्यांवरून 1 नोव्हेंबर 1858 ला राणीचा जाहीरनामा वाचला गेला, कंपनीचं राज्य संपून राणीचं सुरू झालं ते मुंबईला इथे कळलं. बसायचंच असेल तर हे माहीत असून बसा.

आत गेलं की एकदम गारवा. जिना, बीडाचे नक्षीदार कठडे, सागवानी जमीन, उंच छत आणि संगमरवरी पुतळे. एल्फिन्स्टन, माल्कम, फोर्ब्स ही साहेब मंडळी आहेतच (एल्फिन्स्टनचा पुतळा चँट्रीने घडवलेला, तेव्हाचा इंग्लंडमधला मोठा शिल्पकार) पण आत्या थांबली ती नाना शंकरशेटांपाशी. तिने चांगला वेळ बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही सगळी सरकारी माणसं, आणि नाना आपले गिरगावातले." मला वाटतं ही इमारत बघायची तर याच नजरेने बघावी. इथली मूळ संस्था, लिटररी सोसायटी, जेम्स मॅकिंटॉशने 1804 ला काढली, आणि पहिला भारतीय सभासद, माणेकजी कर्सेटजी, आत आला 1840 ला. छत्तीस वर्षं! पण त्यानंतर भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी अशा लोकांनी शिलालेख वाचून, नाणी गोळा करून ही संस्था अक्षरशः आपली करून टाकली.

भगवानलालांनी 1882 ला नालासोपाऱ्याला स्तूप खणला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, तांब्याचा, चांदीचा, स्फटिकाचा, सोन्याचा, भोवती बुद्धांच्या आठ ब्राँझच्या मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं. विरार लोकलने रोज जातो आपण त्या स्टेशनवरून. तो ठेवा एशियाटिककडे आहे. इटालियन कवी दान्तेच्या डिव्हाइन कॉमेडी या महाकाव्याचं चौदाव्या शतकातलं हस्तलिखितही आहे, मुसोलिनीने ते मागितलं होतं आणि सोसायटीने नाही म्हटलं अशी गोष्ट सगळेच सांगतात. पण हे बघायलाच निघाला असाल तर आधी सांगतो, या वस्तू कडीकुलपात असतात, रोज मांडलेल्या नसतात. प्रदर्शन लागलंय का ते फोन करून विचारा आणि त्या दिवशी जा.

आम्ही मग वाचनालयात थोडा वेळ बसलो. लांब टेबलं, पेपर वाचणारे आजोबा, कोपऱ्यात वही काढून बसलेली एक मुलगी. भारतरत्न पां. वा. काणे वर्षानुवर्षं या संस्थेत होते, धर्मशास्त्रावरच्या त्यांच्या प्रचंड कामामागे इथली पुस्तकं आहेत, हे आत्याने मला हळू आवाजात सांगितलं. याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पण आहे, 1954 च्या कायद्याने प्रकाशकांना नव्या पुस्तकाची प्रत जिथं पाठवावी लागते त्यातलं एक. एखादं जुनं मराठी पुस्तक कुठेच मिळत नसेल तर इथं नक्की चौकशी करा.

बाकी सांगायचं म्हणजे कामाच्या दिवशीच जा, रविवार-सुट्टी टाळा. ओळखपत्र जवळ असू द्या, आत फोटो काढायच्या आधी विचारा, आणि बोलायचं झालं तर बाहेर जिन्यापाशी या, लोक खरंच अभ्यास करत असतात. नुसतं "बघायला आलोय" पेक्षा एखाद्या विषयाचं, पुस्तकाचं नाव घेऊन गेलात तर कर्मचारीही आपुलकीने मदत करतात, आम्हाला तरी तसाच अनुभव आला. जेवायची चिंता नको, फोर्टात इराण्याकडे बनमस्का-चहा मिळतोच.

पाय शिल्लक असतील तर काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी बघा, 1870 ची, मालाडच्या पिवळ्या दगडातली, 2023 ला दुरुस्ती होऊन मस्त उजळलीय. ती सभासदांची आहे तेव्हा आत जायचं तर दारात विचारून, पण कमानी रस्त्यावरूनही मनसोक्त बघता येतात. आणि खांबांची ती गोष्ट ज्यांच्या डोक्यात बसली त्यांनी परतीच्या वाटेवर भायखळ्याला उतरा, क्राइस्ट चर्च स्टेशनपासून लांब नाही.