ड्रायव्हरला सांगा

"काका, ड्रायव्हरला सांगा ना जरा गाडी पुढं घ्यायला."

साताऱ्याच्या पोवई नाक्याजवळच्या पंपावर हवा भरायला उतरलो होतो. हाफ पँट, त्यामुळं उजव्या गुडघ्याखालचा नकली पाय, जयपूर फूट, दिसत होता. पंपावरचं पोरगं अगदी अदबीनं बोललं. तेच जास्त लागलं.

मीच बसलो, गाडी पुढं घेतली. तो खिडकीतून वाकून पायाकडं बघत राहिला. "एक्सलरेटर डावीकडं?"

समजावलं त्याला. पेडल किती दाबलं गेलं हे नकली पावलाला कळत नाही. म्हणून गाडी ऑटोमॅटिक आणि ब्रेकच्या डाव्या बाजूला जादा एक्सलरेटर. बायको चालवते तेव्हा तो दुमडून ठेवायचा, उजवीकडचा वापरायचा. आरटीओत तपासणी होऊन आरसीवर तशी नोंदही आहे. खरं अवघड होतं ते डाव्या पायाचं. आयुष्यभर नुसता क्लच दाबलेला, त्याला हळुवारपणा शिकवायला फार वेळ लागला.

पोराचा दोष नाही. पाय गेलेला माणूस म्हणजे मागच्या सीटवरचा, हेच त्यानं आजवर पाहिलंय. डिस्चार्जच्या वेळी मलाही गाडी विकायचाच सल्ला मिळाला होता. असं पेडल बसवता येतं हे कुणीच सांगितलं नाही.

साताऱ्यात, कराडात अजून कुणी असं चालवतंय का? किंवा पाय गेल्यावर गाडी झाकून ठेवलीय? या, माझी चालवून बघा.